मूग उगवले म्हणून माती निर्धोक ठरत नाही

"कारखान्याजवळच्या रानातली माती कुंडीत घ्या, मूग टाका. चार दिवसांत उगवले तर जमिनीत विष नाही. ओल्या मातीवर शेवाळ आलं तर जमीन जिवंत. मृदा आरोग्य पत्रिका चांगली असेल तर शंकाच नको. पीक हिरवंगार तर खायलाही चालतं." वाळूज-जालना पट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज.

आधी मूग. बी पहिले काही दिवस स्वतःच्या डाळीवरच जगतं, आणि टरफल बरीच विषं आत येऊ देत नाही. मार बसतो मुळाला. ते आखूड राहतं, टोक तपकिरी पडतं. म्हणून 'ओईसीडी २०८' या, रोपांवर माती तपासायच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणित पद्धतीत उगवण मोजून थांबत नाहीत. शेजारी चांगल्या मातीतली रोपं ठेवतात, त्यांतली निम्मी उगवली की पुढे १४ ते २१ दिवस थांबून दोन्हीकडची वाढ ताडतात. मेसेजात तुलनेची कुंडीच नाही! उलट, जायकवाडीच्या कालव्याखालच्या खारवट रानात मूग नुसत्या क्षारांनीच मरतील. कुंडीला माझी हरकत नाही. पण दोन करा, दुसरीत चढावरच्या रानातली माती घ्या आणि मुळं पट्टीने मोजा.

ओल, ऊन आणि स्फुरद मिळालं की शेवाळ येतंच. काही जाती तर जड धातूही सोसतात. खऱ्या चाचणीत माती पाण्यात ढवळून गाळतात, त्या अर्कात ठरावीक जातीचं एकपेशी शेवाळ सोडतात आणि ७२ तासांतली वाढ स्वच्छ द्रावणातल्या वाढीशी ताडतात. तांबं किंवा ॲट्राझीनसारखं तणनाशक असेल तर वाढ लगेच खुंटते. अडचण आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीची आहे. शिसं तिच्या चिकणमातीला धरून बसतं, पाण्यात फारसं उतरत नाही. अर्क निर्मळ निघतो, माती तशी असेलच असं नाही. म्हणून शेवाळाबरोबर प्रत्यक्ष मातीत वाढवलेलं रोपही तपासायचं.

पत्रिकेचं थोडक्यात: तिच्यात १२ गोष्टी असतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नऊ अन्नद्रव्यं. शिसं, कॅडमियम, क्रोमियम त्या यादीतच नाहीत.

राहिलं खाणं. पालक कॅडमियम ओढून घेतो आणि तरी टवटवीत दिसू शकतो. रोपाची चाचणी रोपाला काय सोसावं लागतं तेवढंच सांगते. भाजीत किती उतरलं हे कळायला पानंच धुऊन, वाळवून धातूंच्या तपासणीला द्यावी लागतात.