कोंडून गर्द सुटत नाही, जीव मात्र जाऊ शकतो

नाशिकच्या सोसायट्यांच्या आणि मंडळांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. थोडक्यात तो असा: सरकार आपल्या कराच्या पैशातून गर्दुल्ल्यांना फुकट सुया आणि गोळ्या वाटतं, म्हणून नशा वाढते, जवळच्या शिंदे गावात अमली पदार्थाचा कारखाना सापडला तेव्हाच शहर कुठे चाललंय ते कळलं, असल्या पोरांना एकवीस दिवस खोलीत कोंडा, आपोआप ताळ्यावर येतील. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत धास्तावलेले आईबापही आहेत, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण सर्वांत धोकादायक तोच आहे.

‘एकवीस दिवस कोंडा.’ गर्द (ब्राऊन शुगर), कोडीनचं कफ सिरप, ट्रामाडोल या वेदनाशामकाच्या गोळ्या ही सगळी अफूसारखं काम करणारी द्रव्यं. ती अचानक बंद केली की अंग मोडून येतं, जुलाब-उलट्या होतात, झोप उडते. हा त्रास साधारण आठवडा-दहा दिवसांत ओसरतो आणि घरच्यांना वाटतं, सुटलं एकदाचं. पण ओढ महिनोन्महिने टिकते, आणि तोवर शरीराची सवय उतरलेली असते. पूर्वी अंगवळणी पडलेली पुडी आता श्वास बंद पाडू शकते. तुरुंगातून किंवा बंदिस्त केंद्रातून सुटल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अतिसेवनाने मृत्यू होण्याचा धोका खूप वाढतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलंय. म्हणजे पोरगा ‘सुधारून’ घरी आला, त्याच दिवसांत त्याच्यावर सर्वांत जास्त लक्ष हवं. राहिला बांधून ठेवण्याचा प्रश्न. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यसनातून येणारे मानसिक विकार धरलेले आहेत, आणि अशा रुग्णाला साखळीने बांधायला तो कायदा मनाई करतो.

‘गोळ्या म्हणजे एक नशा काढून दुसरी.’ सरकारी केंद्रात मिळणारी ही गोळी ब्युप्रेनॉर्फिनची, गर्दसारख्या व्यसनावरच्या उपचाराची. ती सहसा कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली ठेवायची असते. मेंदूत गर्द जिथे जाऊन बसतो तिथेच ही बसते, पण अर्धवट काम करते. एका मर्यादेनंतर डोस वाढवला तरी तिचा परिणाम फारसा वाढत नाही. तलफ दबते, माणूस सातपूर-अंबडच्या कारखान्यातली पाळी करू शकतो, पुडीसाठी चोरी करायची वेळ येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती 2005 पासून आहे. काहींना ती वर्षानुवर्षं घ्यावी लागते. मधुमेह्याच्या इन्सुलिनला आपण व्यसन म्हणत नाही. मात्र दारू किंवा मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणून विकली जाणारी अल्प्राझोलम ही गुंगीची गोळी तिच्यासोबत घेतली तर श्वासावर बेतू शकतं. हे घरच्यांना माहीत हवं.

‘सुया वाटल्या की नशा वाढते.’ सुई मिळाली म्हणून कोणी टोचून घ्यायला लागत नाही. सुई नसेल तर तो दुसऱ्याची वापरतो, आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस सी त्याच्या बायकोपर्यंत पोहोचतात. या कार्यक्रमात वापरलेल्या सुया परत घेतल्या जातात, म्हणजे त्या घाटावर किंवा मैदानात पोरांच्या पायाखाली येत नाहीत. एचआयव्ही कायद्याच्या (2017) कलम 22 ने या कामाला संरक्षण दिलंय.

शिंदे गावाचं म्हणाल तर ऑक्टोबर 2023 मध्ये तिथे पकडला गेला तो एमडीचा (मेफेड्रोनचा) कारखाना. एमडी उत्तेजक आहे, अफूच्या कुळातलं नाही. दोन्हींचे उपचार वेगळे.

‘पोलिसांत दिल्याशिवाय अक्कल येत नाही’ असंही काही जण जोडतात. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 64अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला, थोड्या मालाच्या प्रकरणात, खटल्यापासून सूट देतं. पोलिसांच्या भीतीने लपणारा माणूस दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाही.

ग्रुपवर काही पाठवायचंच असेल तर हे पाठवा. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, ओठ निळसर, श्वास मंद किंवा घरघरता, हलवूनही जाग येत नाही, अशी गर्दसारख्या द्रव्याच्या अतिसेवनाची लक्षणं दिसली तर 108 ला फोन करा. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा, थांबला असेल तर तोंडाने श्वास द्या. मिठाचं पाणी पाजू नका, थंड पाण्याखाली धरू नका, एकटं सोडू नका. काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. नॅलॉक्सोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर थांबत आलेला श्वास परत सुरू होऊ शकतो. त्याचा असर उतरल्यावर श्वास पुन्हा मंदावू शकतो, म्हणून शुद्धीवर आला तरी लगेच घरी नेऊ नका. उपचार कुठे मिळतील हे विचारायला 14446 हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय टोल-फ्री क्रमांक आहे.