साइटिंग झाली का?

नागपुरात राहून ताडोबाला गेला नसाल तर आधी स्वतःला नागपूरकर म्हणवणं बंद करा राजेहो. टायगर कॅपिटल म्हणतात आपल्याला. ताडोबा, पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, नागझिरा, सगळं दोन-तीन तासांवर, आणि तुम्ही रविवारी फुटाळ्यावर भुट्टा खात बसता? बुकिंग करा आजच. फक्त जायच्या आधी काही गोष्टी डोक्यातून काढून टाका, नाहीतर मजा येणार नाही.

सगळ्यात आधी तारूला काढा. ज्याच्यावरून ताडोबा नाव पडलं तो तारू, गोंडांच्या एका गावचा मुखिया, वाघाशी झुंजताना मेला म्हणतात आणि मग त्याचा देव झाला. तळ्याकाठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे, पौषात तिथे जत्रा भरायची, लांबलांबून आदिवासी यायचे. ज्या वाघाने मुखिया मारला त्याच्याच जंगलात नवस फेडायला यायचे लोक, आता बोला! यात आपल्या कामाचं काहीच नाही. तिथे गाडी थांबवा असं चुकूनही म्हणू नका, तेवढ्यात साइटिंग, म्हणजे वाघाचं दर्शन, हुकलं तर सफारीच्या जिप्सीतले बाकीचे लोक तुमचाच तारू करतील.

इतिहास फार वाचू नका, थोडक्यात सांगतो. देवाचं जंगल होतं, मग राजेलोकांचं आणि गोऱ्या साहेबांचं झालं, ते वाघ मारायचे आणि त्याच्यावर पाय ठेवून फोटो काढायचे. 1935 ला शिकार बंद झाली, 1955 ला राष्ट्रीय उद्यान झालं, 116 चौरस किलोमीटरचं, तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं, आपण मध्य प्रदेशात होतो आणि राजधानी नागपूर होती (हे दुखणं काही जात नाही बाप्पा). पुढे 1972 चा वन्यजीव कायदा आला, 1995 ला अंधारी अभयारण्य जोडून व्याघ्र प्रकल्प झाला, बोटेझरी, जामणीसारखी गावं उठून बाहेर गेली. फोटोची हौस मात्र तशीच आहे, आता पाय ठेवू देत नाहीत म्हणून लोक हातभर लांब लेन्स आणतात. तुम्हीही आणा, भाड्याने मिळते. लेन्स जेवढी लांब तेवढं निसर्गप्रेम जास्त, हा हिशोब पक्का ठेवा.

आता गाईड. बहुतेक वेळा तो गेटजवळच्याच गावचा पोरगा असतो आणि त्याला गप्प बसवणं हे पहिलं काम. नाहीतर तो सुरू होतो, हा ऐन, हा धावडा, ही कडई, हिची साल बघा कशी पांढरी असते, हा मोह, आमची आजी पहाटे चारला उठून इथेच मोहफुलं वेचायची, आणि तुमचे पैसे चालले ना वाया! त्याला सरळ विचारायचं, "भाऊ, काल वाघीण कुठे दिसली होती?" तेवढ्यात वानर खोकलं, म्हणजे वाघ जवळ असल्याचा इशारा दिला, की तो हात वर करतो, "कॉल आहे, कॉल", ड्रायव्हर इंजिन बंद करतो, मागून अजून जिप्स्या येतात, सगळे सीटवर उभे, केसांत लाल धूळ, कोणाच्या तरी हातात अर्धा आलूबोंडा तसाच, आणि पंधरा मिनिटांनी समोरून रानडुक्कर निघते. अशा वेळी चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचा भाव आणावा. रानडुक्कर, गवा, रानकुत्रे ह्यांना आपण पैसे दिलेले नाहीत.

वाघीण दिसलीच तर "थोडं पुढे घे ना" म्हणायला लाजू नका. 2024 च्या 31 डिसेंबरला उमरेड-कऱ्हांडल्यात एफ-2 वाघीण आणि तिच्या पिल्लांना जिप्स्यांनी दोन्ही बाजूंनी घेरलं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाईड आणि ड्रायव्हर निलंबित झाले. बघा, मागची सीट किती सुरक्षित असते.

आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या बाईवर वाघाने हल्ला केला अशी बातमी आली, दरवर्षी येतेच, तर हळहळ वगैरे दोन मिनिटं व्यक्त करून लगेच म्हणायचं, "पण हे लोक जंगलात जातातच कशाला?" जंगलात कसं जायचं असतं हे आपल्याला माहीत आहे ना, ऑनलाइन बुकिंग करून, आधारकार्ड घेऊन. गावकऱ्यांनी वाघ पकडा म्हणून रास्ता रोको केला तर एक लांबलचक पोस्ट टाका, की घर वाघाचं आहे, अतिक्रमण माणसाने केलंय, सहजीवन शिकलं पाहिजे. खाली आपला लेन्सवाला फोटो लावा, लाइक चांगले येतात.

हे सहजीवन फक्त ताडोबाच्या चंद्रपूर जिल्ह्यासाठी आहे बरं का, घोळ करू नका. 2019 ला आपल्या नागपुरातल्याच मिहानमध्ये, आयटी कंपनीच्या आवारात वाघ फिरून गेल्याचं कळलं होतं, तसं परत कधी झालं आणि तुमचा पोरगा तिथे नाइट शिफ्टला असला तर ती पोस्ट आधी डिलीट करा, मग वनविभागाला फोन लावून विचारा की तुम्ही लोक झोपा काढून राहिले का, पिंजरा कधी लावता.