मोरी बुजलीय, कायदा शाबूत आहे

रविवारी सकाळी चालत चालत नवी मुंबईत सारसोळ्याच्या जेट्टीकडे, ठाणे खाडीवर, गेलो होतो. वाटेत रस्त्याखालून एक मोरी जाते, तिच्यातून भरतीचं पाणी आतल्या तिवरांत, म्हणजे कांदळवनात, शिरतं. म्हणजे शिरायचं. आता तोंडाशी डेब्रिज पडलंय, फुटक्या टाइल्स, सिमेंटच्या गोण्या, एक अख्खा कमोड (खोटं नाही सांगत), त्यावर गाळ आणि गाळावर गवत. आतली तिवरं उभी आहेत पण पानं पिवळी पडलीत, खालचा चिखल भेगाळलाय, निवटी (चिखलात सरपटणारे छोटे मासे) औषधालासुद्धा दिसली नाहीत. जेट्टीवर जाळं शिवत बसलेल्या एका काकांना विचारलं, कोणी ॲसिड वगैरे टाकलं का हो झाडांना? ते हसलेच. "ॲसिड कशाला? भरतीचा पानीच येत नाय आत. कुराड लावली त पोलीस येतान. पानी बंद केला त कोन येतंय?"

तेव्हापासून हे डोक्यात घुमतंय म्हणून लिहितोय, लांब होईल, आधीच सांगतो.

खाडीसाठी कायदे नाहीत असं अजिबात नाही. १९९१ पासून सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवर काय करायचं नाही त्याचे नियम, आहेत, २०१९ ला त्याचं नवीन नोटिफिकेशन आलं, २००५ ला मुंबई हायकोर्टाने अख्ख्या राज्यात कांदळवन तोडायला बंदी घातली, २०१२ ला सरकारने वेगळा कांदळवन कक्ष काढला, २०१५ ला ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि २०२२ ला खाडी रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली. याचा उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही, हायकोर्टाची ती ऑर्डर नसती तर नवी मुंबईच्या पामबीच रोडवरून आज खाडीऐवजी टॉवरच बघत बसलो असतो. पण हे सगळं मुख्यतः 'हात लावू नका' या प्रकारचं आहे. २०१८ च्या अंतिम निकालात कोर्टाने नष्ट झालेलं कांदळवन परत उभं करा असंही सांगितलंय, पण त्यासाठी दरवर्षी पैसा कुठून येणार, मोरी कोण उपसणार आणि नाही उपसली तर कोणाला धरायचं, हे मला कुठल्या कायद्यात सापडलं नाही.

मी मोरीची तक्रार एका ॲपवर टाकली. चौथ्या दिवशी मेसेज, तक्रार निकाली. मग एका ऑफिसात गेलो तर म्हणाले रस्ता आमचा, मोरी आमची नाही. दुसऱ्या ऑफिसातले साहेब म्हणाले झाडं आमची, पण पाणी आमच्याकडे येत नाही. अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाले हो.

आता जरा लांब जातो. माझी भाची अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला असते, तिच्या घरापासून थोड्या अंतरावर मिठागरं आहेत, आपल्या मुलुंड-भांडुपसारखीच, फक्त अवाढव्य. तिथल्या सॅन फ्रान्सिस्को उपसागरात भराव टाकायचा सपाटा चालला होता तेव्हा १९६१ ला बर्कलीच्या तीन बायकांनी चळवळ सुरू केली, १९६५ ला राज्याने कायदा करून भरावावर नियंत्रण आणलं. इथपर्यंत आपली गोष्ट तीच. पुढे मात्र ते थांबले नाहीत. २००३ ला १५,१०० एकर मिठागरं विकत घेतली आणि टप्प्याटप्प्याने बांध फोडून भरतीचं पाणी आत घ्यायला लागले. आपल्याकडे बांधाला खांड पडली की आगरी माणसाचं काळीज हलायचं, भातशेती खारी व्हायची, आणि तिथे मुद्दाम खांड पाडतात! २०१६ ला उपसागराभोवतीच्या नऊ काउंटींतल्या (म्हणजे जिल्ह्यांतल्या) लोकांनी मतदान करून स्वतःवर कर लावून घेतला, मालमत्तेमागे वर्षाला १२ डॉलर, २० वर्षांसाठी, फक्त खाडी सुधारायला. आणि २०२२ च्या शेवटी अमेरिकेच्या संसदेनेही या एका उपसागरासाठी वेगळा कायदा केला, वर्षाला अडीच कोटी डॉलरपर्यंत निधीची तरतूद आणि काम बघायला वेगळं ऑफिस. आपण मिठागरांचं काय करतोय? २५५ एकर धारावीच्या पुनर्वसनाला. धारावीकरांना घरं मिळालीच पाहिजेत, पण मिठागरातच का हा प्रश्न मला पडतो.

आता जे लिहितोय त्यावर माझे पर्यावरणवाले मित्र चिडतील. नवी मुंबईतले होल्डिंग पाँड. हे शहर बऱ्याच ठिकाणी भरतीच्या पातळीच्या खाली आहे, म्हणून डच पद्धतीने हे तलाव बांधले, भरती असताना पावसाचं पाणी त्यात साठायचं आणि ओहोटीला झडपा उघडून खाडीत जायचं. त्यात वर्षानुवर्षं गाळ साचला, गाळावर कांदळवन उगवलं, आणि आता हायकोर्टाच्या परवानगीशिवाय गाळ काढता येत नाही. माझं मत, तिथलं काढा आणि दुसरीकडे बुजलेल्या मोऱ्या उघडून दहापट जगवा. पण आपला नियम झाडं मोजतो, त्याला पाण्याशी देणंघेणं नाही. नेरुळच्या फ्लेमिंगो तलावाचंही तेच, भरतीचं पाणी यायची वाट बुजली, तलाव आटला, २०२४ ला फ्लेमिंगो मेल्याच्या बातम्या आल्या तेव्हा कुठे धावपळ झाली. चौकाचौकातले पुतळ्याचे फ्लेमिंगो बाकी ठणठणीत.

म्हणून मला ठाणे खाडीसाठी वेगळा कायदा पाहिजे. विटाव्यापासून उरणपर्यंत एकच प्राधिकरण, प्रत्येक मोरीची यादी, आणि समितीत दिवाळे, सारसोळे, चेंदणीचे कोळी नुसते सत्काराला नाही तर सहीच्या अधिकाराने. जिताडा मासा कुठल्या नाल्यात चढायचा आणि कधीपासून चढत नाही हे त्यांना तोंडपाठ आहे, आपण त्यासाठी कन्सल्टंट नेमतो. पैशाचं म्हणाल तर घरामागे वर्षाला शंभर रुपये घ्या, मी द्यायला तयार आहे. बायको म्हणते आधीचा टॅक्स कुठे जातो ते विचार मग नवीन दे. बरोबर आहे तिचं, म्हणूनच तो पैसा खाडीच्याच खात्यात राहील असं कायद्यात लिहून पाहिजे.

शनिवारी अमावस्या आहे, उधाण. मी आणि आमच्या बिल्डिंगचे दोघं बारा-साडेबाराला मोरीवर जाणार आहोत, पाणी नक्की कुठपर्यंत येतं त्याचा व्हिडिओ करायला. कोणाला यायचं असेल तर जुन्या चपला घालून या, चिखल गुडघाभर आहे.