‘मोबाइल काढून घ्या, झाड लावायला सांगा’: हा उपाय का फसतो?

उन्हाळा लागला की नागपूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो: ‘हवामान बदलाची चिंता म्हणजे आजकालच्या पोट्ट्यांचं फॅड. नागपूर आधीपण तापायचंच. मोबाइल काढून घ्या, एक झाड लावायला सांगा, पोरगं ठिकाणावर येईल.’

नागपूर तापायचंच, हे खरं. पण 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं. ते पाहिलेल्या मुलीला आता ढग दाटले की झोप लागत नसेल, तर त्यात फॅड कुठलं? 2021 साली भारतासह 10 देशांतल्या 16 ते 25 वयाच्या 10,000 जणांची पाहणी झाली. 59 टक्के खूप किंवा अतिशय चिंतेत होते. ही चिंता रोजच्या जगण्यात आड येते, असं 45 टक्क्यांनी सांगितलं.

मोबाइलचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. मे 2024 मध्ये ‘नागपुरात 56 अंश’ ही बातमी देशभर पसरली. तो सेन्सरमधला बिघाड असल्याचं हवामान खात्यानं नंतर सांगितलं. फोन हिसकावला तर अशी बातमी मित्राकडून कळतेच, खुलासा तेवढा कळत नाही. त्यापेक्षा आकडा प्रादेशिक हवामान केंद्राच्या नोंदीशी ताडून पाहायला शिकवा. बातम्या दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटं. अंथरुणात अजिबात नाही.

झाडाचा सल्ला देणारे बहुधा मे महिन्यातच देतात, आणि विदर्भात मेमध्ये लावलेलं रोप बहुतेक वेळा जळतं. आधीच ‘काहीच वाचणार नाही’ म्हणणाऱ्या मुलाला मग पुरावाच मिळतो. लावायचंच तर दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा उन्हाळ्यात खणून तापू द्या, पाऊस स्थिरावल्यावर जुलैत कडुनिंब किंवा करंज लावा. कुंपण हवं, पुढचे दोन उन्हाळे पाणी हवं. ते कोण घालणार, सुट्टीत कोण, हे चार-पाच जणांत आधीच वाटून घ्या. एकट्या पोरावर पृथ्वी वाचवायचा भार नको.

या मजकुरात सगळ्यात मोठी उणीव आहे ती बोलण्याची. ‘काही होत नाही रे’ म्हटलं की पोरगं गप्प होतं, आणि आईबाबांना वाटतं, पटलं. ‘नेमकी कशाची भीती वाटते?’ एवढं विचारा आणि थांबा. उत्तर पुष्कळदा साधं असतं: आजी दुपारी घरात एकटी असते, किंवा पाणी पुन्हा शिरेल. मग करण्यासारखं काही सापडतं: आजीकडे दुपारी एक फोन, कागदपत्रं माळ्यावर.

झोपही बघा. कूलर लावून सगळ्या खिडक्या बंद केल्या की खोली दमट होते, रात्रभर तळमळ होते आणि सकाळी चिंता दुप्पट वाटते. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा.

दोन आठवडे झोप, जेवण किंवा कॉलेज सुटलं असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नका. मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयाच्या, मानसोपचार विभागात दाखवा. ‘जगून काय उपयोग’ असं बोलणं कानावर आलं, तर त्याच दिवशी, एकटं न सोडता. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.