अनवाणी पायांवर खापर फोडू नका

सोलापूरच्या फुटबॉलवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरतोय. '१९५०च्या विश्वचषकाला भारत पात्र ठरला होता. आपले खेळाडू अनवाणी खेळतात म्हणून फिफाने बंदी घातली. तिथेच भारतीय फुटबॉल संपला आणि सोलापूरसारख्या गावांतले हौशी क्लबही.' आमच्या क्लबचा इतिहास लिहायला घेतलाय, त्यात हाच मजकूर पहिल्या पानावर टाकावा असं काहींचं म्हणणं आहे. माझा याला ठाम विरोध आहे.

पात्र ठरलो हे खरं, पण एकही सामना न खेळता. गटातल्या ब्रह्मदेश आणि फिलिपिन्सने माघार घेतली, म्हणून आपल्याला जागा मिळाली. इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटात आपलं नावही पडलं होतं.

आता बंदीचं बघू. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी, काही तर नुसत्या पट्ट्या बांधून उतरले होते. फ्रान्सविरुद्ध दोन पेनल्टी हुकल्या, रामनने बरोबरी साधली आणि अगदी शेवटी गोल खाऊन आपण २-१ हरलो. त्या संघाचे कर्णधार तालिमेरेन आओ वैद्यकीय शिक्षण घेत होते, पुढे डॉक्टर झाले. बरं, त्यानंतर तरी अनवाणी खेळणं थांबलं का? १९५२ला हेलसिंकीच्या थंडीत आपले कित्येक जण बुटांशिवायच खेळले आणि युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं. त्या पराभवानंतर आपल्याच फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. दोन वर्षांपूर्वी पायांमुळे हाकललेला संघ ऑलिंपिकमध्ये पुन्हा तसाच कसा उतरला, याचं उत्तर मेसेजमध्ये नाही.

मग गेलो का नाही? महासंघाने तेव्हा संघनिवडीवरचे मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ ही कारणं दिली होती. यजमान ब्राझील प्रवासखर्चाचा मोठा भाग उचलायला तयार होता, म्हणजे पैशाचीही सबब पुरी पडत नाही. खरं कारण शैलेन मन्नांनी पुढे उघडपणे सांगितलं: आमच्यासाठी ऑलिंपिक हेच सर्वस्व होतं, विश्वचषकाचं महत्त्व कुणाला ठाऊकच नव्हतं. त्या संघाचं नेतृत्व त्यांच्याकडेच जायचं होतं, म्हणून त्यांच्या शब्दाला मी वजन देतो. आणि माघार घेणारे आपण एकटे नव्हतो. स्कॉटलंड आणि तुर्कस्तानही गेले नाहीत, त्यांच्या पायात तर बूट होते. शेवटी तेरा संघांवरच स्पर्धा झाली.

'तिथेच फुटबॉल संपला' हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत मेवालालच्या गोलने इराणला हरवून आपण सुवर्ण जिंकलं. १९५६ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि आपण चौथे आलो. १९६२ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला नमवून पुन्हा सुवर्ण. आपली सगळ्यात चांगली बारा वर्षं १९५० नंतर सुरू होतात! ज्यांनी ती घडवली त्यांना या मेसेजने पुसून टाकलंय.

राहिला सोलापूरचा प्रश्न. आमच्या क्लबात गिरणी कामगार होते, रेल्वेतले होते, शाळामास्तर होते. पाळी सुटली की मैदानावर यायचे, पगारातून वर्गणी द्यायचे, बॉलचं ब्लॅडर स्वतः दुरुस्त करायचे. १९९०च्या दशकात लक्ष्मी-विष्णू ही कापड गिरणी बंद पडली तेव्हा त्यांतल्या कित्येकांची रोजीरोटी गेली. कुणी पुण्याला गेलं, कुणी भिवंडीला. संध्याकाळचा संघ भरेना. वर्गणीच्या वहीत नावं कशी कमी होत गेली ते वर्षावार दिसतं, आणि पहिल्या पानावर मला तेच छापायचं आहे.