बीएच्या पोट्ट्यांचे प्रोजेक्ट ग्रामसभेत वाचा

नवीन शैक्षणिक धोरणात बीए-बीकॉमच्या पोरांना फील्ड प्रोजेक्ट करावा लागतो, त्याला क्रेडिट आहेत. मी यवतमाळ जिल्ह्यात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते. पोरं उन्हातान्हात फिरून माहिती आणतात अन् तो अहवाल स्पायरल बायंडिंग होऊन कपाटात जाऊन पडतो, याचा मला खरंच भयंकर राग येतो.

यंदा एका पोरीनं विषय घेतला, बारावीनंतर गावातल्या मुली शिक्षण काहून सोडतात. बारावीपर्यंत सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी बस आहे, पास फुकट आहे, त्याच्यापुढं काय? बाया तिला म्हणे, कॉलेज सुटायचा अन् एसटीचा टाइम जुळत नाही, सांजच्याला फाट्यावर पोरीला एकटं कसं उभं ठेवाव? बाहेरून कोणी सर्वे करायला आलं असतं तर याच बाया "पोरीले आवड नाही" म्हणून मोकळ्या झाल्या असत्या.

पण मी वर्गात आधीच सांगते, आपल्याच मोहल्ल्यात फिरून "गाव झालं" असं लिहायचं नाही. पोरं सवयीनं ओळखीच्या, आपल्या जातीच्या घरी जातात, चहा होतो, फॉर्म भरून होतो, अन् पारध्यांचा बेडा, कोलामांचं पोड, या त्यांच्या वस्त्या राहूनच जातात, मग टक्केवारी काढली की गावात सगळं बरं दिसते. कोणाच्या अंगणात बसलो, तिथलं पाणी पिलो का, बाईला विचारलं तेव्हा उत्तर तिनं दिलं की तिच्या मालकानं, सामाजिक न्यायाचा अभ्यास इथूनच सुरू होतो. एक पोरगा पोडावर जायला कचरत होता, शेवटी गेला, अन् प्रश्नावलीच बदलून आला. शौचालयाचा प्रश्न खोडून त्यानं जातीच्या दाखल्याचा लिहिला होता.

"पोट्ट्यांच्या सर्वेनं काय होते" म्हणणारे लय भेटतात. अभय बंग यांनी रोजगार हमीच्या किमान मजुरीचा हिशोब तपासला, 4 रुपये रोज ठरवताना मजुराच्या पोटाचंच गणित चुकलं होतं, 12 पाहिजेत हे दाखवलं अन् सरकारला मजुरी वाढवावी लागली. ते डॉक्टर होते, मान्य. पण गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावात तर गावकऱ्यांचेच अभ्यास गट बसायचे, जंगलावर, बांबूवर, कायद्यावर चर्चा व्हायची, अन् 2006 चा वनहक्क कायदा आल्यावर 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं. तिथं अभ्यास ग्रामसभेपुढं यायचा.

2017 ला आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. पंप पाठीवर कोण घेते, मालक का रोजंदार, अंगावर घालायचं संरक्षण किट कोणाजवळ आहे, एवढं जरी गावोगावच्या पोरांनी लिहून ठेवलं अन् गावासमोर वाचलं तरी पुढच्या हंगामाच्या आधी कोणाला तरी उत्तर द्यावं लागंल.

म्हणून विद्यापीठांनी अहवाल ग्रामसभेत वाचायला मार्क ठेवावे. ज्या बाईनं दुपारची झोप मोडून उत्तरं दिली तिला आपल्या गावाबद्दल काय निघालं हे कळायचा हक्क आहे. नावं मात्र वाचायची नाहीत, मजुरीचं खरं सांगणाऱ्या बाईचा दुसऱ्या दिवशी रोज बुडू शकते.

ज्यांची पोरं-पोरी यंदा प्रोजेक्ट करत आहेत त्यांनी 26 जानेवारीच्या ग्रामसभेसाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं (आधीचे ग्रामसेवक) आत्ताच लेखी अर्ज टाका अन् पोच घ्या, विषयपत्रिका निघाली की मग नवीन विषय घ्यायला कोणी तयार होत नाही.