जिथे ठेवता येतं तिथे चालत नाही

काल 31 जुलै. पहिल्या तिमाहीच्या टीडीएस रिटर्नचा शेवटचा दिवस, दुपारचे साडेतीन, आणि समोर काळी खिडकी: हा प्रोग्राम ग्रुप पॉलिसीने ब्लॉक केला आहे, अधिक माहितीसाठी सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. साधा म्हणे! तो हेड ऑफिसला, मी भोसरीत. ग्रुप पॉलिसी म्हणजे हेड ऑफिसने सगळ्या मशीनवर लादलेले नियम.

अरे, रिटर्न भरायची सरकारी युटिलिटी आहे ती. टोरेंटवरून उतरवलेला गेम नाही. उद्यापासून दिवसाला 200 रुपये लेट फी लागणार, ती काय पॉलिसी भरणार?

फोन लावला.

"सर, टिकट रेज केलंय का?"

"केलंय."

"कॅटेगरी?"

"अदर्स."

"मग ते आमच्याकडे येत नाही सर."

दुसरं टिकट टाकलं. रिमोटवर घेतो म्हणाला. त्यासाठी लागणारं एनीडेस्क उघडायला गेलो तर तेही ब्लॉक, त्याच पॉलिसीने. फोनवर दोघंही गप्प. मग नेहमीचा उतारा: जीपीअपडेट फोर्स मारा, रिस्टार्ट करा. पॉलिसी बदललेली नसताना ती फोर्सने आणायची, म्हणजे तीच बंदी पुन्हा ताजी करून घ्यायची. केलं. ते मशीन सुरू होईपर्यंत चहा निवला.

शेवटी मीच इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, शिरलो. ॲपलॉकर (काय चालू द्यायचं ते ठरवणारा विंडोजचा पहारेकरी), एमएसआय अँड स्क्रिप्ट, नोंद 8007, म्हणजे अडवलं. कुठली फाइल, कुठल्या फोल्डरातून, सगळं तिथे लिहिलेलं. स्क्रीनशॉट पाठवला. उत्तर आलं, "सर, फोल्डर प्रोग्राम फाइल्समध्ये टाका, तिथून चालेल." टाकायला गेलो, तर ॲडमिनचा पासवर्ड मागितला. तो मला नाही. डेस्कटॉपवर ठेवायची मुभा आहे, पण तिथून चालवायला बंदी. प्रोग्राम फाइल्समधून चालवायची मुभा आहे, पण तिथे ठेवायला बंदी. ज्याने कोणी हे रचलंय त्याला एकदा माझ्या खुर्चीत बसवा, 31 तारखेला, साडेतीन वाजता.

आणि हे काही पहिल्यांदा नाही. मागच्या तिमाहीत हीच रड झाली, तेव्हा त्यांनी त्या एका फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा, परवानगीत टाकला. मी तेव्हाच म्हटलं होतं, नवं व्हर्जन आलं की हॅश बदलणार, फोल्डरचा पाथ द्या. तर म्हणे, पाथ रिस्की असतो सर! बरं, युटिलिटी सुरू होते बॅच फाइलने, म्हणजे आज्ञांच्या साध्या मजकूर फाइलने, आणि तिला डिजिटल सही करता येत नाही, त्यामुळे पब्लिशरच्या नावाने सोडायचीही सोय नाही. पत्त्यांच्या सॉलिटेअरला मात्र सही आहे. तो बिनबोभाट चालतो.

वॉलपेपरवर गणपती लावता येत नाही, तिथे कंपनीची व्हॅल्यूज. पासवर्ड दर 45 दिवसांनी बदला, मागचे दहा चालणार नाहीत. माझ्या आता भाच्यांची नावंसुद्धा संपली. असो. सात चाळीसला परवानगी आली, रिटर्न गेलं.

घरी आलो तो डोकं तापलेलंच. म्हटलं, निदान नवा प्रिंटर जोडून टाकू. सेटअपवर डबल क्लिक केलं आणि काय? 'या कॉम्प्युटरवरील निर्बंधांमुळे क्रिया रद्द. सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.' घरी! घरचा ॲडमिनिस्ट्रेटर मीच की! विंडोजच्या होम एडिशनमध्ये ग्रुप पॉलिसी एडिटर नसतो, म्हणून सेटिंग्ज जिथे साठतात त्या रजिस्ट्रीत हात घातला. तिथे 'डिसअलाउरन'च्या, म्हणजे चालू न देण्याच्या, यादीत एकच नाव: सेटअप डॉट ईएक्सई. मग आठवलं. 2020, लॉकडाउन, चिरंजीव दिवसाआड नवा गेम टाकत होते. ती यादी मी स्वतः भरली होती, आणि आठवडाभर शेजाऱ्यांना सांगत फिरलो होतो.

चिरंजीव मागे उभे होतेच. "बाबा, फाइलचं नाव बदला. ते फक्त नावच बघतं."

"तुला काय माहीत?"

"तेव्हापासून माहितेय."

बदललं. प्रिंटर चालला. ऑफिसचं पहिलं टिकट अजून अदर्समध्येच आहे.